डबल बेस: हात दुखतोय, की तारच उंच आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वापरलेला, प्लायचा, थ्री-क्वार्टर मापाचा डबल बेस (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं, उभं धरायचं वाद्य; जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी अशा चार तारा) घेतला आहे. पहिल्या पोझिशनमध्ये, म्हणजे डावा हात मानेच्या वरच्या टोकाजवळ ठेवून, पाच मिनिटं वाजवलं की डाव्या अंगठ्याचं मूळ दुखू लागतं. जी तारेवरचा ए सूर भणभणतो. गजाने वाजवताना ई तार लवकर बोलत नाही. तारा बदलाव्यात, वाद्य बदलावं, की सराव वाढवावा?

यातलं काहीच आत्ता करू नका. आधी मिलिमीटरची खूण असलेली एक छोटी फूटपट्टी घ्या. डबल बेसवर नव्या माणसाला स्वतःच्या हाताचा जो दोष वाटतो, तो पुष्कळदा वाद्याच्या बांधणीचा, म्हणजे तारांची उंची आणि बाकीच्या जुळणीचा निघतो. बांधणी ठीक नसलेल्या वाद्यावर केलेला सराव म्हणजे चुकीच्या सवयींचा सराव. हात जोर लावायला शिकतो, आणि पुढे तो जोर काढून टाकायला वर्ष जातं.

थ्री-क्वार्टर या शब्दाने बिचकू नका. ते मुलांचं माप नाही. मोठ्यांच्या हातातले बहुतेक बेस याच मापाचे असतात. नटपासून (मानेच्या वरच्या टोकाची, तारांना खाचा असलेली पट्टी) घोडीपर्यंत (फळीवर तारा उचलून धरणारं लाकूड) तारेची लांबी १०४ ते १०६ सेंटिमीटर असली की वाद्य नेहमीच्या मापाचं समजायचं. ११० च्या पुढे गेली तर बोटं ताणली जाणारच. लहान हाताच्या माणसाने वाद्य घेण्यापूर्वी बाकी काही नाही तरी एवढी लांबी मोजावी. प्लायचा बेस कमी दर्जाचा, असंही सरसकट म्हणता येत नाही. कोरीव स्प्रूसच्या (देवदारासारख्या झाडाच्या) फळीचा आवाज जास्त खोल आणि मोकळा असतो हे खरं, पण प्लायच्या फळीला सहसा भेगा जात नाहीत, ती प्रवास सोसते, आणि स्पीकर लावून वाजवताना ती घुमतही कमी. शिकायला ते वाद्य उत्तम आहे.

आता मोजमाप. फिंगरबोर्ड (तारांखालची, बोटं दाबायची लांब पट्टी) घोडीच्या बाजूला जिथे संपतो, तिथे तारेची खालची कड आणि फिंगरबोर्डचा पृष्ठभाग यांतलं अंतर मोजा. स्टीलच्या तारा असतील आणि वादन मुख्यतः बोटाने छेडून असेल, तर जी तारेखाली ५ आणि ई तारेखाली ८ मिलिमीटर हा चांगला आरंभबिंदू. गजाने जोरात वाजवायचं असेल तर जी ६ ते ७ आणि ई ९ ते ११. मधल्या दोन तारा या दोघींच्या दरम्यान पायरीपायरीने चढलेल्या हव्यात. आतड्याच्या तारा सैल असतात, मोठा झोका घेतात, म्हणून त्यांना आणखी दोन-तीन मिलिमीटर द्यावे लागतात. वर्षानुवर्षं कोणी न तपासलेल्या वाद्यावर जी १० आणि ई १४ असणं काही नवलाचं नाही. तशा वाद्यावर मुरलेल्या वादकाचा अंगठाही दुखेल.

घोडीच्या दोन्ही पायांत धातूच्या किंवा लाकडाच्या गोल चकत्या असतील तर काम सोपं आहे. त्या फिरवून घोडी वरखाली होते. एका पूर्ण फेऱ्याला घोडी साधारण एक ते सव्वा मिलिमीटर हलते, आणि त्यातला पाऊण ते चार-पंचमांश फरक फिंगरबोर्डच्या टोकाशी दिसतो. म्हणजे तिथे दोन मिलिमीटर कमी करायचे असतील तर दोन ते अडीच फेरे लागतील. पूर्ण ताणाखाली चकती फिरवायला जाऊ नका. चारही तारा आधी एक-दीड स्वर उतरवा, मगच फिरवा. चकती हाताने फिरत नसेल तर पक्कड लावण्याऐवजी तारा आणखी उतरवा. पक्कड लागली की चकतीवर दात उमटतात आणि घोडीचा पायही फुटू शकतो. एका वेळी अर्धा फेरा एका बाजूला, अर्धा दुसऱ्या बाजूला, असं करत जा.

चकत्याच नसतील, तर तारा खाली आणायला घोडीचा माथा कापावा लागतो. कापलेलं लाकूड परत येत नाही. ते काम वाद्यकारागिराचं. त्याच्याकडे नेलंच आहे तर चकत्याही बसवून घ्या. हवेतल्या दमटपणाबरोबर पुढची फळी वरखाली होते. दमट दिवसांत ती फुगून तारा उंच होतात, कोरड्या दिवसांत बसून तारा खाली येतात. चकत्या असल्या की हा ऋतूंचा खेळ दोन मिनिटांत निपटतो.

प्रत्येक वेळी तारा चढवल्या-उतरवल्या की घोडीकडे बाजूने बघायची सवय लावा. तारा ताणताना घोडीचं डोकं फिंगरबोर्डकडे ओढलं जातं. घोडीची शेपटीकडची (शेपटी म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी) बाजू फळीशी काटकोनात हवी आणि पाय एफ-आकाराच्या छिद्रांच्या आतल्या खाचांच्या रेषेत. पायांखाली कागदाचा कपटाही शिरता कामा नये. डोकं झुकलेलं दिसलं तर तारा थोड्या सैल करा, वाद्य आडवं पाठीवर ठेवा, दोन्ही हातांनी घोडीचा माथा धरून अंगठ्यांनी हळूहळू मागे रेटा. महिनोन्महिने झुकलेली घोडी वाकते, आणि वाकलेली घोडी शेवटी एक दिवस आडवी होते. घोडीवरच्या आणि नटवरच्या खाचांत मऊ शिसपेन्सिल घासून ठेवली की तार अडकत नाही आणि घोडीला सोबत ओढत नाही. बेसच्या देखभालीतली सगळ्यांत स्वस्त गोष्ट हीच.

तुम्ही म्हणता की दुखणं पहिल्या पोझिशनमध्ये आहे. म्हणून घोडीइतकाच संशय नटवर घ्यायला हवा. घोडीकडची उंची बरोबर असूनही नट उंच असेल तर मानेजवळच्या सुरांना दुप्पट जोर लागतो. तपासायची रीत: व्हिजिटिंग कार्ड नटला टेकवून मोकळ्या तारेखाली सरकवा. कार्ड घासत, पण तार न उचलता जायला हवं. दोन-तीन कार्डं एकावर एक आरामात जात असतील तर नट उंच आहे. खाच कानशीने खोल करणं दिसायला सोपं असतं, पण तार फिंगरबोर्डला टेकली की नवीन नट करावा लागतो. खाचेचा तळ गोल हवा, रुंदी तारेइतकी, आणि उतार खुंट्यांकडे. पहिल्यांदा कारागिराकडूनच करून घ्या आणि तो कुठे थांबतो ते बघा.

तिसरी जागा फिंगरबोर्ड. तो अगदी सपाट नसतो. लांबीत मधोमध त्याला किंचित खोलगट पोट असतं, कारण कंप पावणारी तार मध्येच सर्वांत जास्त डोलते. तार नटजवळ आणि फिंगरबोर्डच्या शेवटाशी एकाच वेळी दाबा (दुसऱ्या माणसाची मदत घ्या) आणि मधली फट बघा. जी बाजूला साधारण एक, ई बाजूला दीड ते दोन मिलिमीटर ठीक. फट अजिबात नसेल तर तार खडखडेल. तीन-चार मिलिमीटर असेल तर मधल्या भागात तार दाबता दाबता जीव जाईल. यावर उपाय म्हणजे फिंगरबोर्डवर रंधा मारून घेणं. एबनीचा, म्हणजे काळ्या कठीण लाकडाचा, फिंगरबोर्ड अशी रंधाई अनेकदा सोसतो. स्वस्त वाद्यांवर हलकं लाकूड काळं रंगवून एबनीचा आव आणलेला असतो. तारांखाली तपकिरी चरे दिसत असतील तर ते ओळखावं.

आता भणभण. इथे आधी एक गोष्ट ठरवायची: आवाज जागेचा आहे की सुराचा? जी तारेवरचा तोच ए सूर डी तारेवर पंचमाच्या जागी, म्हणजे नटपासून तारेच्या एक-तृतीयांशावर मिळतो. ए तारेवर तोच सूर मध्यावर मिळतो. तिन्ही ठिकाणी वाजवून बघा. फक्त जी तारेवरच भणभणत असेल, तर तार फिंगरबोर्डच्या पुढच्या एखाद्या उंचवट्याला लागते आहे, किंवा त्या तारेचं वेटोळं सुटलं आहे. दोष जागेचा. तिन्ही तारांवर भणभणत असेल, तर तारेचा संबंध नाही. साधारण ११० हर्ट्झला वाद्याच्या अंगावरची कुठलीतरी सैल वस्तू थरथरते आहे.

ती वस्तू शोधायला दोन माणसं लागतात. एकाने तो सूर गजाने सलग धरायचा, दुसऱ्याने एकेक भाग बोटाने दाबत जायचं. खुंट्यांच्या पितळी पट्ट्यांचे स्क्रू, चाकांची टोकं, घोडीच्या चकत्या (दोन्ही बाजू सारख्या घट्ट नसतील तर), शेपटीची केबल वाद्याला कुठे लागते आहे का, तारांची नटपलीकडची मोकळी टोकं एकमेकांना किंवा खुंट्यांच्या पेटीला शिवताहेत का, वाद्य ज्यावर उभं राहतं त्या खालच्या खुंट्याचा पेच, आत पडलेला एखादा स्क्रू. शर्टचं बटण आणि पट्ट्याचं बकल विसरू नका. कितीतरी भणभणी तिथेच सापडतात.

यात काही मिळालं नाही तर सांधे. बोटाच्या पेराने कडेकडेने, दर दोन इंचांवर फळीवर टकटक करत पुढून आणि मागून एक फेरा मारा. चिकटलेला सांधा भरीव ‘ठक’ वाजतो, सुटलेला सांधा पोकळ, चिरका वाजतो. कान लगेच पकडतो. सांधा सुटणं हा अपघात समजू नका. बेस सरसाने जोडतात, आणि सरस मुद्दाम लाकडापेक्षा कमजोर ठेवलेला असतो. लाकूड आकसलं की आधी सांधा सुटावा, फळी फाटू नये, ही त्यामागची योजना. म्हणून सुटलेल्या सांध्यात सुतारी पांढरा गोंद किंवा झटपट चिकटणारा गोंद कधीच घालू नका. पुढच्या वेळी सांध्याऐवजी फळी फाटते, आणि तो गोंद खरवडून काढायला कारागिराला मूळ कामाच्या कितीतरी पट वेळ लागतो. दोन-चार इंचांचा सुटलेला सांधा वेळेत नेला तर छोटंसं काम असतं.

आतली ध्वनीदांडी, म्हणजे साउंडपोस्ट, कशानेच चिकटवलेली नसते. १८ ते २० मिलिमीटर जाडीची ही स्प्रूसची दांडी पुढच्या आणि मागच्या फळीत फक्त दाबाने उभी असते. जागा घोडीच्या जी बाजूच्या पायाच्या किंचित मागे, साधारण स्वतःच्या जाडीएवढी. ई बाजूच्या पायाखाली आतून लांब पट्टी चिकटवलेली असते, तो बेस बार. मध्यम ताणाच्या स्टीलच्या चार तारा मिळून शंभर किलोच्या वर ओढतात. घोडीवरच्या कोनानुसार त्यातला निम्म्याच्या आसपासचा भार फळीवर उभा पडतो, म्हणजे एक मोठं माणूस फळीवर कायमचं उभं असल्यासारखं. दांडी पडली आणि तारा ताणलेल्या राहिल्या तर फळी बसते किंवा चिरते. आत काहीतरी पडल्याचा लाकडी आवाज आला, किंवा आवाज एकाएकी पोकळ आणि मोठा झाला, तर वाजवणं तिथेच थांबवा, तारा उतरवा. दांडी उभी करायचं एस-आकाराचं हत्यार विकत मिळतं, पण एफ-छिद्रातून आरशाने बघत ती बसवताना छिद्राच्या कडा छिलल्या जातात. ते शिकायला दुसरं एखादं भंगार वाद्य घ्यावं.

कारणासकट हे सगळं समजलं की तारा एकेक करून का बदलायच्या ते वेगळं सांगायला नको. चारही एकदम काढल्या की घोडी पडते, मागोमाग दांडी. एक जुनी तार काढा, तिच्या जागी नवी चढवा, सुराच्या जवळ आणा, घोडी सरळ आहे ना बघा, मगच पुढची. शेपटीत गोळीचं टोक अडकवा. मोकळं टोक खुंटीच्या भोकातून घालून एकदा स्वतःखाली दाबून वळवा, म्हणजे ते निसटत नाही. वेटोळी एकावर एक न चढता शेजारीशेजारी, खुंट्यांच्या पेटीच्या भिंतीकडे जाऊ द्या. नटच्या जवळच्या खुंट्या ई आणि जी यांच्या, वरच्या दोन ए आणि डी यांच्या. नवी तार पहिले दोन-तीन दिवस उतरत राहते, त्यात तिची चूक नाही.

पण तारा खरंच बदलायला हव्यात का? स्टीलच्या तारा लवकर मरत नाहीत. गजाने रोज वाजवणाऱ्याला एक-दोन वर्षांत त्यांचा दाणा गेल्याचं जाणवतं. फक्त छेडून वाजवणारे थोमास्टिक कंपनीच्या स्पायरोकोर तारा वर्षानुवर्षं ठेवतात, आणि काहींना त्या जुन्याच आवडतात. जुन्या तारेची खूण ही, की मध्यावर बोट नुसतं टेकवून निघणारा सूर आणि तिथेच दाबलेला सूर जुळत नाहीत, किंवा धातूची पट्टी कुठे उचकटलेली दिसते. हात दुखतो म्हणून बदलायच्या असतील तर एकदा घोडी आणि नट ठीक करून मग हलक्या ताणाच्या तारांचा विचार करा. जर्मन पाकिटांवर वाइख म्हणजे हलक्या, मिटेल म्हणजे मध्यम, श्टार्क म्हणजे जड. पिरास्ट्रो कंपनीच्या ओब्लिगातोसारख्या कृत्रिम गाभ्याच्या तारा बोटाला मऊ लागतात आणि गजालाही बऱ्या दाद देतात. स्पायरोकोर छेडायला लखलखीत, पण गजाखाली नव्या असताना काहीशा हट्टी. फक्त एक बघा: ‘सोलो’ लिहिलेल्या तारा घेऊ नका. त्या एक पूर्ण स्वर वर, म्हणजे एफ-शार्प, बी, ई, ए अशा लावायला केलेल्या असतात. नेहमीच्या ई, ए, डी, जी मध्ये उतरवल्या की ढिल्या पडतात.

इथे सूर लावण्याबद्दल. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची. इतक्या खाली बरीच ट्यूनर यंत्रं गोंधळतात, आणि कानही. तारेच्या मध्यावर बोट नुसतं टेकवून वरचा सूर काढा, यंत्र तो लगेच पकडतं. कानाने लावायचं तर खालच्या तारेच्या पाव लांबीवरचा हार्मोनिक (असाच बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) आणि तिच्या वरच्या तारेच्या एक-तृतीयांशावरचा हार्मोनिक सारखे यायला हवेत. उदाहरणार्थ ए तारेच्या पाव लांबीवर २२० हर्ट्झ, डी तारेच्या एक-तृतीयांशावरही २२०. दोन्ही एकत्र वाजू दिले की आवाजात लाट येते. ती लाट संथ होत होत थांबली की तार लागली.

ई तार गजाने बोलत नाही, याचं उत्तर निम्मं राळेत आणि निम्मं गजाच्या वेगात आहे. व्हायोलिनची कडक राळ बेसला चालत नाही. केसांनी जाड तार पकडायला मऊ, चिकट बेसची राळ लागते. मिळणाऱ्या राळींत पॉप्स ही फार मऊ, कार्लसन आणि नायमन या तिच्यापेक्षा टणक. गरम हवेत पॉप्स डबीतून ओघळते, म्हणून डबी कडेवर उभी न ठेवता तोंड वर करून सपाट ठेवायची. मऊ राळ लावताना गज एकाच दिशेने, तीन-चार वेळा ओढा. व्हायोलिनसारखं मागेपुढे घासलं की केसांवर गुठळ्या बसतात. वाजवून झालं की केस सैल करा, आणि वाजवताना केस व काठी यांत मधोमध पेन्सिलीएवढी फट पुरते. वर्षभरात केस एकदा तरी बदलून घ्या, रोज वाजवत असाल तर लवकर.

मग हात. ई तारेवर गज झपकन ओढला की नुसता फुसका श्वास ऐकू येतो. जाड तारेला डोलायला वेळ लागतो. गज तारेवर टेकवा, हाताचं वजन खाली सोडा, तार केसांना किंचित चिकटून बाजूला ओढली जाते आहे असं जाणवू द्या, आणि मग अगदी हळू सुरू करा. सूर निघाल्यावर वजन थोडं हलकं करा. जागा घोडी आणि फिंगरबोर्डच्या मधोमध. जी तारेकडे जाल तसं, आणि डावा हात वर सरकेल तसं, गज घोडीकडे न्या. फ्रेंच गज वरून धरतात, जर्मन गज खालून, तळहातात. दोन्हींनी उत्तम वाजतं. शिकवणारा जो वापरतो तो घ्या आणि या वादात पडू नका.

आता डावा हात, वाद्य ठीक झाल्यानंतरचा. १०५ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर नटपासून पहिला अर्धस्वर ५.९ सेंटिमीटरवर असतो. त्यानंतरचे दोन अर्धस्वर मिळून १०.८ सेंटिमीटर. म्हणजे तर्जनी आणि करंगळी यांत जवळजवळ अकरा सेंटिमीटर. चार बोटांना चार अर्धस्वर द्यायला इथे बहुतेकांचा हात पुरतच नाही. म्हणून बेसशिक्षक फ्रांत्स सिमांडलच्या (१८४०–१९१२) पद्धतीत पहिलं, दुसरं आणि चौथं बोट अर्ध्या-अर्ध्या स्वरावर पडतं, आणि तिसरं चौथ्याच्या मदतीला सोबत टेकतं. करंगळी एकटी कधीच दाबत नाही. वर जाल तशी अंतरं आक्रसतात. तारेच्या मध्याशी शेवटचा अर्धस्वर ३.१ सेंटिमीटरचा उरतो, तिथे तिसरं बोट मोकळं होतं आणि अंगठा मानेमागून निघून तारेवर येतो. बेसवादक फ्रांस्वा राबाथ यांची पद्धत हाताच्या जागा कमी करून अंगठ्याभोवती हात फिरवायला सांगते. ती सुंदर आहे, पण आधी सिमांडलचा साचा हातात बसलेला असला की जास्त समजते.

अंगठ्याचं मूळ दुखण्याचं कारण चिमटा. तार दाबायला अंगठ्याचा जोर लागत नाही, हाताचं वजन लागतं. करून बघा: सूर धरा, गजाने वाजवत राहा, आणि अंगठा मानेपासून अर्धा इंच मागे घ्या. सूर तसाच राहायला हवा. खांद्यापासून लोंबणारा हात बोटांच्या टोकांनी तारेवर अडकवून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे. अंगठा मधल्या बोटाच्या समोर, मानेच्या मागे, सरळ आणि ढिला. कोपर बरगड्यांना चिकटलेलं नको. तारा योग्य उंचीवर आणूनही हे जमत नसेल, तर वाद्य उभं करण्यात चूक आहे.

उभं राहून वाजवताना खालच्या खुंट्याची उंची अशी ठेवा, की उजवा हात न वाकता सहज खाली सोडला असता गज घोडी आणि फिंगरबोर्डच्या मधोमध पडेल. बहुतेकांना त्या उंचीवर नट भुवईच्या आसपास येतो, पण खरा निकष उजवा हात. भुवई हा फक्त अंदाज. वाद्य किंचित स्वतःकडे वळवा, त्याच्या वरच्या खांद्याची मागची कड कमरेच्या डाव्या बाजूला टेकू द्या. डावा हात सोडला तरी वाद्य उभं राहिलं पाहिजे. राहत नसेल तर डावा हात वाद्य धरण्यात अडकतो आणि अंगठा दुखतो. बसून वाजवायचं तर ७० ते ७५ सेंटिमीटरचं स्टूल, एक पाय जमिनीवर, दुसरा आडव्या दांडीवर. खुंट्याच्या रबराला गुळगुळीत फरशीवर भरवसा नसतो. खाली चटई किंवा पट्टा घ्या.

छेडताना तर्जनीची बाजू, पेराचा मांसल भाग, फिंगरबोर्डच्या शेवटाजवळ. टोकाने ओरबाडलं की आवाज पातळ येतो आणि फोडही. तार वर उचलू नका. आडवी ओढून सोडा, आणि बोट पुढच्या तारेवर विसावू द्या.

एखादाच सूर गजाने धरताना तडफडतो, थरथरतो, गुरगुरतो, तो वुल्फ. तो दोष नसून वाद्याच्या अंगाच्या स्वतःच्या कंपनाशी तारेची झटापट आहे, आणि चांगल्या वाद्यांवर तो हमखास असतो. घोडी आणि शेपटीमधल्या तारेवर रबर घातलेली पितळी नळी बसवून ती दोन-तीन मिलिमीटरने सरकवत राहा. एका जागी तो शांत होतो. जास्त घट्ट बसवली तर सगळाच आवाज गुदमरतो.

स्पीकरला जोडायचं असेल तर पिएझो पिकअपला (वाद्याची कंपनं पकडून विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चकतीला) एक मेगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुट असलेला प्रीअँप (स्पीकरआधी संकेत वाढवणारं यंत्र) द्या, नाहीतर खरज पातळ पडतो. ३० ते ४० हर्ट्झखालचं कापणारा फिल्टर आणि फेज उलटवण्याचं बटण, या दोघांनी गुरगुर बरीच आटोक्यात येते.

रोजची काळजी दोन कोरड्या फडक्यांची आहे: एक तारांवरच्या राळेसाठी, दुसरं अंगासाठी. एकच वापरलं तर राळ वार्निशवर जाऊन चिकटते. तारा अल्कोहोलने पुसायच्या असतील तर खाली टॉवेल पसरा, एक थेंबही वार्निश उतरवतो. फर्निचर पॉलिश लावू नका. त्यातलं सिलिकॉन लाकडात मुरतं आणि पुढे सरस धरत नाही. खोलीत हायग्रोमीटर लटकवा. ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी. ३५ च्या खाली गेली की ह्युमिडिफायर चालू करा. कोरीव फळीच्या वाद्यावर पहिली भेग बहुधा शेपटीची केबल जिच्यावरून वळते त्या खालच्या एबनीच्या आडपट्टीच्या कोपऱ्यातून निघते, कारण फळी आकसते आणि एबनी आकसत नाही. तिथे दोन्ही टोकांना केसभर फट मुद्दाम ठेवलेली असते. सपाट पाठीच्या वाद्यांत आतल्या आडव्या पट्ट्या याच कारणाने सुटतात.

ठेवताना वाद्य कुशीवर आडवं ठेवा, वाटेत नाही. भिंतीला उभं टेकवलेला बेस कधी ना कधी घसरतोच. गाडीत नेताना पाठीवर किंवा कुशीवर, घोडीवर काही टेकणार नाही असं, मानेखाली उशी. बंद गाडी उन्हात उभी राहिली की वार्निश मऊ पडून पिशवीचं कापड त्यावर उमटतं आणि सरस सोडू लागतो. दारातून जाताना मान पुढे, घोडी आपल्याकडे. पडून मान किंवा शंखाकृती डोकं तुटलंच, तर तारा सैल करा, लाकडाची प्रत्येक कपची, अगदी नखाएवढीसुद्धा, पाकिटात गोळा करा, तुटलेल्या कडा एकमेकांवर बसवून बघू नका, गोंद तर नाहीच. कडा चेपल्या नसतील आणि कपच्या हाती असतील तर सांधा पुन्हा असा बसतो, की पुढे तो शोधावा लागतो.